लाइट गेल्यावर कळतात त्या चुका

मे संपत आला की मुंबईहून चुलतभावंडांचे फोन सुरू होतात. "दादा, गावच्या घराला इन्व्हर्टर कुठला घेऊ?" मी विचारतो, "विहिरीला दोर आहे का?" पलीकडे गप्प. वस्तू घरात आली की तयारी झाली असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली चूक पाण्याची, आणि ती माझीच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. आमचं घर दापोली तालुक्यात. संध्याकाळपर्यंत निम्मी पोफळ आडवी, विजेचे खांब रस्त्यावर. घरात सात माणसं, त्यामुळे टाकीतलं पाणी दुसऱ्या दिवशीच संपलं. अंगणात पस्तीस फूट विहीर, तिच्यात पाणीही होतं, पण काढायचं कशाने? पंप बसवला तेव्हा अडगळ म्हणून रहाट मीच मोडून काढला होता. माळ्यावर आजीच्या वेळचा पोहरा सापडला, त्याच्या बुडाला भोक. दोर सापडला, तो दोन वाव, म्हणजे बाराएक फूट, कमी. जूनच्या तोंडाला विहीर तळाला गेलेली असते, हे मला तेव्हा आठवलं. शेवटी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी त्याला जोडली आणि रंगाची बादली बांधली. त्या दोरीने तळहात असे कापले की तिसऱ्या दिवशी भात कालवता येईना. वाडीत लाइट आली सतराव्या दिवशी.

आता कप्पी कायमची लावून ठेवलीय. दोर मेच्या शेवटी, पाणी सगळ्यात खाली असताना सोडून बघतो. सुंभाचाच घेतो; खरखरतो, पण कापत नाही. फ्लॅटवाल्यांनी हसू नये. तुमच्या गच्चीवरची टाकीही पंपच भरतो. वादळाचा इशारा आला की पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवा.

दुसरी चूक इन्व्हर्टरची. लोक बॅटरी घेतात आणि हिशोब दुकानदारावर सोडतात. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. ती पूर्ण पिळायची नसते, मधे गळतीही असते, म्हणून मी १२०० धरतो. दोन जुने पंखे दीडशे वॉट खातात, तीन एलईडी दिवे पंचवीस-तीस. म्हणजे सहा-सात तास. आमच्या शेजाऱ्यांनी त्यावर फ्रिज आणि टीव्ही लावला. 'थोडा वेळच' म्हणत पहिल्याच रात्री बॅटरी झोपली, आणि सोळा दिवस रिकामी पडून कायमची गेली. मग कंपनीला शिव्या. लाइट कधी येणार ते माहीत नसेल तर पंखा रात्रीच लावा, दिवसा ओटीवर बसा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. 'बोअरचं पाणी चालतं' म्हणणाऱ्याला पुढची बॅटरी घ्यायला लावा.

लाइट आली की धावत जाऊन सगळी बटणं दाबणारे वेगळेच. तुटलेला न्यूट्रल (वीज परत जायची तार) तसाच राहिला असेल तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत घरात येऊ शकतं. मी लाइट जाताच फ्रिज, टीव्ही, पंप बंद करतो आणि पडवीतला एकच बल्ब चालू ठेवतो. तो आला की दहा मिनिटं बघत बसतो. डोळे दिपवायला लागला तर मेन स्विच खाली. उतावळ्यांना ही दहा मिनिटं जड जातात.

जनरेटरला दोन्हीकडे पिन असलेली वायर लावून ती घरच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घर एका वेळी लाइनला नाहीतर जनरेटरलाच जोडलेलं राहतं. बंद खोलीत जनरेटर नको, कोळशाची शेगडीही नको.

मेणबत्ती नको, टॉर्च घ्या. सेल काढून शेजारी ठेवा, आत राहिले तर गळतात.

एटीएम आणि गूगल पे दोन्ही बंद पडतात. दहा-वीसच्या नोटा ठेवा.

टॉवर पडले की मोबाइल नुसता घड्याळ. सेलवरचा रेडिओ असू दे, आणि नंबर कागदावर लिहा: १९१२ विजेचा, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्षाचा.

माझी पद्धत म्हणाल तर मेच्या शेवटच्या रविवारी सकाळी मेन स्विच खाली पाडतो, तो सोमवारी सकाळीच वर. यंदा कळलं की शेगडीचा लायटर विजेवर चार्ज होणारा आहे आणि घरात काडेपेटी फक्त देवघरात, तीही सर्दावलेली. आई दुपारपासूनच मागे लागते, "संपली का रे तुझी तालीम? मिक्सर लावायचाय." मी पाट्याकडे बोट दाखवतो. वरवंटा कुठे गेलाय ते अजून सापडलेलं नाही.