झाडानं विषाणूला प्रतिकारच केला नाही? आधी या चुका टाळा

प्रयोग फसला की पहिला आरोप झाडावर. निम्म्या वेळा झाडाचे हात आपणच बांधून ठेवलेले असतात.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक तापमानाची. तंबाखूतलं एन हे प्रतिकाराचं जनुक टीएमव्हीला (तंबाखूच्या मोझॅक विषाणूला) ओळखतं आणि त्याच्या शिरकावाच्या जागच्या पेशी मारून त्याला ठिपक्यात कोंडतं. पारा २८ अंशांच्या वर गेला की हे जनुक ढिलं पडतं. एका प्रयोगशाळेत मे महिन्यात हरितगृहाचा कूलर बंद पडला होता, आत ३२ अंश. विद्यार्थ्यानं विषाणू चोळला. ठिपका एकही नाही. "बियाणंच चुकीचं आलंय," म्हणत तो नवं मागवायला निघाला. मी कुंड्या २२ अंशांच्या खोलीत हलवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पानं भाजल्यासारखी लोळागोळा! उष्म्यात विषाणू सगळीकडे पसरलेला, गारव्यात जनुक जागं झालं आणि त्यानं त्या सगळ्या पेशी मारल्या. बियाणं चोख होतं.

तेव्हापासून कुंड्यांजवळ कमाल-किमान तापमापी नसेल तर मी निकाल बघतही नाही. आणि हो, "मग थंडच ठेवू" हा शहाणपणा नको. आरएनए सायलेन्सिंग, म्हणजे विषाणूचा आरएनए कापून त्याला गप्प करण्याची झाडाची दुसरी युक्ती, १५ अंशांच्या आसपास मंदावतं.

दुसरी चूक आयत्या प्रोटोकॉलची. विषाणूचा दुपदरी आरएनए दिसला की झाडाची डायसर प्रथिनं त्याचे २१-२२ न्यूक्लिओटाइडचे (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचे) तुकडे करतात. आर्गोनॉट हे प्रथिन ते तुकडे घेऊन जुळणारा विषाणू आरएनए हेरतं आणि कापतं. टोम्बसविषाणूचं पी१९ हे प्रथिन हेच तुकडे पकडून बसतं, म्हणजे सायलेन्सिंगच रोखतं. जीएफपी (हिरवं चमकणारं खुणेचं प्रथिन) झकास चमकावं म्हणून मंडळी पानात जनुकं पोचवणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियम जिवाणूसोबत पी१९ टोचतात आणि त्याच पानात सायलेन्सिंग मोजतात! मिश्रणात काय काय आहे ते वाचायला पाच मिनिटं लागतात.

निकोटियाना बेंथामियाना या प्रयोगशाळेतल्या लाडक्या तंबाखूच्या बहिणीवरून सगळ्या झाडांबद्दल बोलू नका, तिचं विषाणूविरुद्ध कामी येणारं आरडीआर१ जनुक मुळातच बिघडलेलं आहे.

विषाणूशिवाय नुसतं बफर आणि कार्बोरंडम (पान खरचटवणारी बारीक पूड) चोळलेलं झाड तुलनेसाठी शेजारी हवंच. पान खरचटल्यानंही प्रतिसाद येतो.

आणि झाडं उपटायची घाई. रिंगस्पॉट हा विषाणूरोग झालेल्या तंबाखूची नंतर फुटलेली वरची पानं निरोगी दिसतात, हे विंगार्ड या संशोधकानं १९२८ मध्येच नोंदवलं. खालची पानं बघून कुंडी फेकणाऱ्याला ती दिसणार कशी? मी लागण केलेल्या पानाच्या देठाला दोरा बांधतो, त्यावरची पानं मोजत राहतो आणि निरोगी दिसणाऱ्या पानावर तोच विषाणू पुन्हा चोळून बघितल्याशिवाय कुंडी हलू देत नाही.