मैफल जपायची तर डिस्क पारखून घ्या

नाशिकच्या पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेच्या मैफलीचं रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं टिकवायचं असेल, तर एम. जी. रोडवर सुटी, बिननावाची सीडी घेऊ नका. नामांकित कंपनीची सीलबंद सीडी-आर, म्हणजे एकदाच रेकॉर्ड होणारी सीडी, घ्या. पुन्हा पुन्हा पुसता येणारी सीडी-आरडब्ल्यू या कामाची नाही. डिस्क उजेडासमोर धरून बघा. बारीक छिद्रं दिसली तर ती डिस्क बाजूला काढा. आणि नाव लिहायला बॉलपेन अजिबात नको! गाणं साठवणारा थर छापील बाजूच्या पातळ लेपाखालीच असतो, टोकदार पेनाने तो कायमचा दुखावतो. पाण्याच्या शाईचं मऊ टोकाचं मार्कर वापरा. डिस्क बर्न झाल्यावर, म्हणजे गाणं तिच्यावर उतरल्यावर, व्हेरिफाय कराच, म्हणजे ते नीट उतरलंय का ते तपासाच. वाटायच्या प्रती साध्या सीडीवर चालतील, मूळ रेकॉर्डिंग मात्र हार्ड डिस्कवरही हवंच.