गिअरबॉक्स स्वतः उतरवायचा की मिस्त्रीकडे टाकायचा?

आधीच सांगतो, पैसे वाचतील म्हणून गिअरबॉक्सला हात घालणार असाल तर नका घालू. अमेरिकेतले व्हिडिओ बघून वाटतं काय सोपंय राव, पण तिकडे तासाचं लेबरच एवढं महाग की माणूस नाइलाजाने स्वतः गाडीखाली आडवा होतो. आपल्याकडे क्लच सेटचं बिल बघा (तो बदलायलाच बहुतेक वेळा बॉक्स उतरवावा लागतो), त्यात पार्टचा आकडा मोठा आणि लेबर त्यामानाने थोडं, आणि तेवढ्यासाठी जॅक, स्टँड, टॉर्क रेंच घ्यायला निघालात तर वाचलेले पैसे हत्यारांतच जातात. हौस असेल, शिकायचं असेल तर करा, हौसेला मोल नाही.

खरे पैसे जातात ते निदान चुकलं की. गिअर पडत नाही म्हणून बॉक्स खाली घेतला आणि निघालं काय तर सिलेक्टर केबलचा (लिव्हरपासून बॉक्सपर्यंत जाणारी केबल) प्लास्टिक बुश, असले प्रकार खूप होतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी रोग कुठंय ते शोधा, यात खर्च शून्य आहे आणि हे प्रत्येकाला जमतं.

गाडी बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केली की अडतात, रिव्हर्स टाकताना कर्रर्र करतं, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल असेल तर ॲडजस्टमेंट बघा, हायड्रॉलिक असेल तर क्लच फ्लुइड कमी झालंय का, सिलिंडर गळतोय का ते बघा, बॉक्सचा कदाचित काही संबंधच नसेल. उलट सगळे गिअर नीट पडतात आणि फक्त तिसरा (किंवा दुसरा) टाकतानाच कर्रर्र होतं, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडताना दोन्हींचा वेग जुळवणारी रिंग) गेलीय आणि ती बॉक्सच्या आतच असते. गाडी बंद असतानाही लिव्हर ढिला, गिअर सापडत नाही, असं असेल तर आधी केबल, बुश, लिंकेज.

आवाजाची टेस्ट अजून सोपी. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवा, क्लचवरून पाय काढा. घूं घूं येतंय आणि क्लच दाबल्यावर थांबतंय, तर बहुतेक इनपुट शाफ्टचं (क्लचमधून बॉक्समध्ये जाणारा दांडा) बेअरिंग, म्हणजे बॉक्स उघडणं आलं. उलट दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, ते क्लच सेटसोबत बदललं जातं. आणि चालत्या गाडीत स्पीडप्रमाणे गुणगुण वाढतेय पण वळणावर कमी-जास्त होतेय तर आधी व्हील बेअरिंग तपासा, त्यासाठी गिअरबॉक्सला बदनाम करू नका.

क्लच घसरतोय का हे बघायला कसारा घाट उत्तम. मुंबईहून नाशिकला येताना चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वर पळतोय आणि गाडी मात्र तिथंच, मग क्लच प्लेट संपली. उतरताना तिसऱ्यात ॲक्सिलरेटर सोडला की गिअर आपोआप न्यूट्रलला उडतो का तेही कळतं, पण तेव्हा आधी इंजिन-बॉक्स धरून ठेवणारे रबरी माउंट तपासा, खड्ड्यांनी रबर फाटलं की इंजिन हलतं आणि गिअर सुटल्यासारखा होतो. माउंट, लिंकेज चांगलं आहे तरी उडतोय तर आतला गिअर सरकवणारा फोर्क किंवा दात झिजलेत.

आता गिअरबॉक्सचं ऑइल. ड्रेन प्लग उघडायच्या आधी भरायचा प्लग ढिला होतोय का ते बघा, नाहीतर ऑइल सगळं खाली आणि वरचा प्लग जाम, मग गाडी जागची हलणार नाही. बऱ्याच बॉक्सच्या ड्रेन प्लगला मॅग्नेट असतो. त्यावर काळपट राखाडी मलमासारखा थर असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. पण बोटाने चोळल्यावर टोचणारे तुकडे लागले, गिअरच्या दाताचा कपचा मिळाला, तर विषय संपला, बॉक्स उघडावाच लागणार. नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, जीएल ४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असताना दुकानदार जीएल ५ देत असेल तर घेऊ नका, पितळी सिंक्रो रिंगला काही जीएल ५ ऑइलं मानवत नाहीत.

तर ठरवायचं असं. बाहेरचं सगळं, म्हणजे ऑइल, केबल, बुश, स्वतः करा, एक रविवार पुरतो. ड्राइव्ह शाफ्टचं सील आणि माउंट थोडा हात बसल्यावर.

क्लच सेटसाठी बॉक्स उतरवायचा तर आधी जागा बघा. पार्किंग सपाट आणि पक्कं हवं, पेव्हर ब्लॉक खचलेले असतील तर स्टँड कलतो, आणि जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही. पावसाळ्यात उघड्यावर हा उद्योग काढू नका. सोसायटीत ऑइल सांडलं की चेअरमन काका खाली येणारच. आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर घरचं चालेल का? एका पार्टसाठी सोमवारपर्यंत दुकान उघडायची वाट बघावी लागली तर ऑफिसला कसं जाणार?

माणसं दोन हवीत. छोट्या गाडीचा बॉक्स ३०-३५ किलोचा, पण तो छातीवर घेऊन वर बसवताना दुप्पट वाटतो. काढणं सोपं, बसवणं खरं काम. क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध बसवली नसेल तर इनपुट शाफ्ट आत जातच नाही, बोटभर फट राहते, आणि तिथं लोक बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेतात. असं कधीच करू नका, ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचा कान तुटतो. बॉक्स हाताने हलवत, शाफ्ट थोडा फिरवत पूर्ण टेकला पाहिजे, बोल्ट त्यानंतर.

बॉक्सच्या आतलं काम मी तरी घरी करा म्हणणार नाही. बेअरिंग काढायला पुलर, बसवायला प्रेस, शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) मोजायला मायक्रोमीटर, आणि कुठली सर्क्लिप कुठे हे लक्षात ठेवायला सवय. आपल्या शहराचा फायदा हा की सातपूर-अंबड एमआयडीसीत प्रेस, लेथ सगळं मिळतं, पण नुसती मशीन मिळून भागत नाही, गिअरबॉक्स जोडणारा हात वेगळाच. फार हौस असेल तर बॉक्स स्वतः उतरवा आणि रिक्षात टाकून गिअरबॉक्सवाल्या मिस्त्रीकडे न्या, पण त्याला आधी विचारा, काही जण दुसऱ्याने काढलेल्या बॉक्सची गॅरंटी देत नाहीत.

ऑटोमॅटिकचं तर सोडूनच द्या. सीव्हीटी (बेल्टवाला), डीसीटी (दोन क्लचवाला) ऑटोमॅटिक घरी उघडायची वस्तू नाही. एएमटी (गिअर आपोआप बदलणारा) आतून साधा मॅन्युअल बॉक्स असला तरी क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरला नवा क्लच शिकवावा लागतो, त्याशिवाय गाडी नीट उचलणार नाही.

मिस्त्रीकडे टाकायची ठरली तर "गिअर प्रॉब्लेम आहे" एवढंच बोलू नका. कोणता गिअर, थंड असताना की गरम झाल्यावर, क्लच दाबून की सोडून, हे सांगा, मग तो बॉक्सला हात लावायच्या आधी विचार करतो. बॉक्स खाली आलाच तर फ्लायव्हील, क्रँकचं मागचं सील आणि ड्राइव्ह शाफ्टची सीलं तेव्हाच बघून घ्यायला सांगा, पुन्हा उतरवायचं लेबर वाचतं. आणि काढलेला जुना सेट डिकीत टाकायला सांगा, म्हणजे खरंच बदललाय हे कळतं.