मोफत शिधा केंद्र चालवताय? या चुका टाळा

गरीब वस्तीत शिधा वाटायचं केंद्र बंद पडलं की लोक म्हणतात, धान्य मिळेना म्हणून बंद पडलं. माझा अनुभव वेगळा आहे. कोठीत पोती असतात, पण घेणारी माणसं येईनाशी होतात, नाहीतर वाटणारे थकतात. मग कुणीतरी निकाल देऊन टाकतं, "लोकांना गरजच नव्हती." गरज असते हो. आपलंच कुठेतरी चुकलेलं असतं, आणि बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच.

येईल ते घेणं

सुरुवातीला दात्याला नाही म्हणायचं जिवावर येतं. मग अर्धी फोडलेली पाकिटं, तारीख उलटलेले डबे, घरातली सगळी अडगळ आपल्या दारात येऊन पडते. "त्यांना काय, चालेल" हे वाक्य कानावर आलं की तो माल परत करा.

फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा सरळ बाद. उघडून वास घ्यायचा नाही, चाखायचं तर अजिबात नाही. बॉट्युलिझम ही जिवावर बेतणारी अन्नविषबाधा, तिचं विष वासा-चवीवरून ओळखू येईलच असं नसतं. तारखांचीही गल्लत होते. 'या तारखेपूर्वी उत्तम' ही तारीख उलटली तर सुक्या मालाची चव थोडी उतरते, माल लगेच घातक होत नाही. 'या तारखेपर्यंत वापरा' असं लिहिलेलं असेल आणि ती तारीख गेली असेल, तर वाटायचं नाही. त्यातही स्थानिक नियम काय आहेत ते आधी विचारून घ्या.

तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीचे डबे दान आले की सगळ्यांना आनंद होतो. मला धास्ती वाटते. एक डबा फुकट मिळतो, तेवढ्यात आईचं दूध आटू लागतं, दुसरा डबा कधी मिळेल याची खात्री नसते आणि घरातलं पाणी स्वच्छ नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली अशा दुधाच्या जाहिरातीवर आणि फुकट वाटपावर निर्बंध सुचवणारी संहिता आणली, त्यामागे हेच कारण होतं. हे डबे रांगेत वाटू नका, आरोग्यसेविकेला विचारा. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी मध कधीच देऊ नका.

पोतं भिंतीला टेकवणं

आमच्याकडे एकदा तांदळाच्या पोत्याचा तळ ओलसर लागला. वरचे दाणे पांढरेशुभ्र होते. कोपरापर्यंत हात घातला तर आत चक्क उबदार. मूठ बाहेर काढली, तर दाणे एकमेकांना चिकटून करडे पडलेले. एकीनं विचारलं, "धुऊन, वाळवून चालेल ना?" नाही चालत. अफ्लाटॉक्सिनसारखी बुरशीची विषं धुऊन जात नाहीत आणि शिजवूनही मरत नाहीत. अख्खं पोतं पुरावं लागलं.

तेव्हापासून पोती जमिनीपासून १५ सेंटीमीटर वर, फळ्यांवर, आणि भिंतीपासून मागे हात घालून झाडता येईल इतकी दूर. नवा माल मागे, जुना पुढे. किड्यांसाठी कुणी गोळ्या आणून दिल्या तर हात जोडा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्या हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फिन वायू सोडतात आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. थोडा माल असेल तर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवला तरी कीड मरते.

फ्रिज असेल तर तो ५ अंशांच्या खाली हवा. वीज गेली की दार उघडायचं नाही, चार तासांवर गेली तर नाशवंत माल बाहेर.

रांगेत चौकशी करणं

खरी गळती इथे होते. टेबलाशी बसलेला आमचा एक कार्यकर्ता मोठ्यानं विचारायचा, "घरात कमावतं कोण?" मागे सगळे शेजारीपाजारी उभे. एक बाई दोनदा आली. तिसऱ्यांदा तिनं लेकाला पाठवलं. चौथ्यांदा कुणीच आलं नाही. छोट्या गावात भूक लपते, रांग लपत नाही.

आता आम्ही दोनच गोष्टी लिहून घेतो: नाव आणि घरातली माणसं. फोटो नाही. दात्याला फोटो हवाच असेल तर पोत्यांचा काढून द्यावा, पोती लाजत नाहीत. एखादा खाऊनपिऊन सुखी माणूसही पिशवी घेऊन जाईल, जाऊ द्या. त्याच्यासाठी लावलेल्या चाळणीत आधी ती बाईच गळते.

सगळ्यांना एकसारखी बांधलेली पिशवी देणं सोपं पडतं, म्हणून सगळे तेच करतात. मग ज्याच्याकडे सरपण नाही त्याच्या हाती तासभर शिजणारं कडधान्य पडतं आणि ज्याला दात नाहीत त्याच्या हाती भाजलेले दाणे. फळीवर माल मांडा, किती वस्तू घ्यायच्या तो आकडा ठरवा आणि निवड त्यांच्यावर सोडा. टाकून दिलेला माल लगेच कमी होतो.

धान्य मात्र माणशी द्या. ३०० किलो माल, ६० घरं, म्हणून घरटी ५ किलो, हा हिशोब सरळ दिसतो. पण एकट्या आजोबांनाही ५ आणि आठ माणसांच्या घरालाही ५? त्या ६० घरांत २४० माणसं असतील तर माणशी सव्वा किलो येतं, म्हणजे आठ जणांच्या घराला १० किलो. हा भागाकार वाटपाच्या आधी करा. नाहीतर शेवटचे दहा जण रिकाम्या हाती जातात, आणि शेवटी येणारे बहुधा सगळ्यात लांबून चालत आलेले असतात.

वेळही त्यांच्या सोयीची हवी. मजुरीच्या वेळेत दार उघडून काय उपयोग? एक वार, एक वेळ ठरवा आणि मोडू नका.

एकच किल्ली, एकाचंच डोकं

ती व्यक्ती आजारी पडली की केंद्र आजारी. किल्ल्या दोघांकडे ठेवा आणि साठा दोघांनी मिळून मोजा. १९६७ साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक, म्हणजे दान आलेलं अन्न साठवून गरजूंपर्यंत पोचवणारं केंद्र, काढली. नावात बँक आहे, तर वहीही बँकेसारखी हवी: आलं किती, गेलं किती, खराब झालं किती. कार्यकर्त्यांनाही शिधा लागतो, त्यात गैर काही नाही, पण त्यांनी रांगेतून घ्यावा. वाटपाआधी चांगला माल बाजूला काढलेला लोकांना बरोबर दिसतो.

दान सुगीनंतर भरभरून येतं. हाताला काम नसतं आणि घरातलं धान्य संपलेलं असतं, ते सुगीच्या आधीचे महिने. म्हणून आलेल्या मालातला काही वाटा त्या महिन्यांसाठी वहीत वेगळ्या पानावर लिहून, वेगळ्या फळीवर ठेवा. रांग मोठी झाली की त्या फळीकडे पहिला हात कार्यकर्त्याचाच जातो, तेवढा धरा.