एका चित्रातून पुढचं चित्र कसं मिळवावं

चित्रकाराला पुन्हा कागदाकडे ओढतं ते बहुतेक वेळा आधीच्या चित्रात राहून गेलेलं काहीतरी. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी 1890-91 मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नीत शेतातल्या धान्याच्या गंजींची 25 च्या आसपास चित्रं रंगवली. गंजी त्याच, उजेड दर वेळी वेगळा. ही ओढ टिकवायची असेल तर विषय बदलू नका.

खिडकीतून दिसणारी एकच गोष्ट निवडा: समोरची गच्ची, पाण्याची टाकी, एखादं झाड. 300 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) जलरंगाचा जाड कागद पोस्टकार्डाएवढा कापा; पातळ कागद फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. 8 नंबरचा गोल ब्रश आणि तीनच रंग पुरेत: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). पहिल्या दोघांतून सुंदर करडा मिळतो, काळ्याची गरजच नाही. वेळ 20 मिनिटं.

घोळ होतो तो दुसऱ्या थराला. पहिला थर अर्धवट ओला असताना पाणीदार ब्रश लावला की नवं पाणी आधीचा रंग ढकलतं आणि कोबीच्या पानासारखी कड उमटते. कागदाच्या कोऱ्या कडेला बोटाची मागची बाजू टेकवा. गार लागलं तर अजून थांबा.

खरं मोलाचं काम शेवटी आहे. चित्रामागे तारीख, वेळ आणि एकच प्रश्न लिहा. ‘नीट जमलं नाही’ यातून काहीच हाती लागत नाही. ‘टाकीची सावली निळी का दिसली?’ असं नेमकं विचारा आणि उद्या रंगवायला सुरुवात त्या सावलीपासूनच करा. कंटाळा आलाच तर विषय तोच ठेवून वेळ बदला, सकाळी 9 ऐवजी संध्याकाळी 5.