पावसाळ्यात गुरांच्या अन् कुत्र्यांच्या गाठी हात लावून बघत चला

मिरगाचा पाऊस लागला की बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडं गोठे ओले राहतात, अथणी-रायबागकडं दमट उकाडा असतो, अन् दोन्हीकडं गोचीड वाढतंय. म्हणून आता बेंदराला बैल धुताना किंवा सकाळी धार काढायच्या आधी दोन मिनिटं काढून जनावराच्या गाठी चाचपायची सवय लावून घ्या, ह्याला पैसा लागत नाही अन् आजार लवकर सापडतो.

गाठी म्हणजे लसिका ग्रंथी, त्या निरोगी जनावरात पण असतातच, माणसात, कुत्र्यात, म्हशीत, शेळीत सगळ्यांत. अंगातलं पाणी रक्तात परत जायच्या आधी ह्या गाठींतून गाळून जातं, सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या तपासून सोडतात ना तसं. जंतू आला की पांढऱ्या पेशी तिथंच त्याला अडवतात, त्यांची संख्या वाढते अन् गाठ फुगते. पायात काटा मोडला की आपल्या जांघेत अवधाण येतं, ते हेच. प्रत्येक गाठीचा आपला आपला भाग ठरलेला असतो, त्यामुळं कुठली गाठ सुजली त्यावरून दुखणं कुठं आहे ते कळतं.

गाई-म्हशीत मुख्य दोन जागा बघा. एक खांद्याच्या पुढं मानेच्या बुडाशी, तिथं बोटं आत दाबून मागंपुढं सरकवली की लांबट गाठ बोटाखालून निसटते. दुसरी कुशीच्या घडीत, मागच्या गुडघ्याच्या वर. दोन्ही बाजू ताडून बघा. कासेच्या मागच्या वरच्या बाजूची गाठ मोठी लागली तर त्याच वेळी दूध पण तपासा, दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, सुरुवात असू शकते.

खांद्याची गाठ सुजली, अंगावर गोचीड आहे, ताप १०४ फॅरनहाइटच्या वर गेलाय, तर थायलेरिया (गोचिडातून होणारा रक्ताचा आजार) समजून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा, जर्सी-एचएफ (होल्स्टीन) अशा विदेशी जातीच्या गाई अन् वासरं ह्यात पटकन दगावतात. डॉक्टर सुईनं गाठीतला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, रोग तिथंच कळतो. ब्युपार्वाक्वोन ह्या थायलेरियावरच्या औषधाचं इंजेक्शन लवकर मिळालं तर चांगलं लागू पडतं, पण रक्त कमी होऊन डोळ्याच्या आतली कड पांढरी पडली की मग अवघड होतं. नुसतं तापाचं इंजेक्शन मारून चार दिवस वाट बघत बसू नका, कळकळीनं सांगतोय.

लंपी ह्या कातडीच्या रोगात ह्या गाठी पण सुजतात, पण कातडीवर ज्या टणक गाठी उठतात त्या वेगळ्या. आणि गळा एकदम सुजून गरम झालाय, घरघर लागलीय, तर ते गाठीचं काम नव्हे, गुरांचा घटसर्प असेल, तिथं तासांचा हिशेब असतो. त्याची लस पावसाच्या आधीच टोचायची असते, राहिली असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा.

शेळ्या-मेंढ्यांत जबड्याखाली किंवा कानाच्या बुडाशी गाठ येऊन आत घट्ट पू भरतो. बरेच जण ब्लेडनं चिरतात, डाग देतात, बिब्बा घालतात. असं करू नका हो! तो पू जमिनीवर सांडला की जंतू मातीत महिनोन् महिने टिकतो अन् सगळा कळप धरतो. ती शेळी बाजूला बांधा, डॉक्टरांकडून साफ करून घ्या, पू जाळा, हाताला ग्लोव्हज घाला, कारण माणसाला पण लागण होऊ शकते.

राखणीचं कुत्रं विसरू नका. त्याची जबड्याखाली, खांद्यापुढं अन् मागच्या गुडघ्याच्या मागं गाठ सापडते. एकाच पायाची सुजली तर पंजात कुसळ किंवा जखम शोधा. सगळीकडच्या एकदम वाढल्या, कुत्रं मलूल आहे, नाकातून रक्त येतंय, तर गोचिडाचा ताप असू शकतो. पण गाठी मोठ्या, टणक, अजिबात न दुखणाऱ्या अन् कुत्रं खातंय-पितंय म्हणून सोडून देऊ नका, लसिका ग्रंथींचा कॅन्सर कुत्र्यांत असाच सुरू होतो, दवाखान्यात दाखवाच.

गोठ्याच्या दगडी भिंतीच्या फटी बुजवा, गोचीड तिथंच लपतं, नुसतं जनावराला औषध मारून ते संपत नाही. गोचीड हातानं चिरडू नका. गुरांचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावू नका, अन् पर्मेथ्रिन हे गोचिडाचं औषध तर मांजराला विषच आहे.

१९६२ ह्या जनावरांच्या हेल्पलाईनला फोन केलात तर गाठ कुठं आहे, एका बाजूला की दोन्ही, ताप किती, कधीपासून, एवढं आधी बघून ठेवून सांगा.