यॉटचं इंजिन थंड राहतंय का? बादलीने तपासा

तापमानाच्या काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. नवा इम्पेलर (इंजिन थंड करायला बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक) बसवला की बोट धक्क्याला बांधून इंजिन ठरावीक आरपीएमवर चालवा, हे पाणी धुरासोबत जिथून बाहेर पडतं त्या एक्झॉस्टच्या तोंडाशी बादली धरा आणि ती भरायला किती सेकंद लागले ते लॉगबुकात लिहून ठेवा. पुढे त्याच आरपीएमला जास्त वेळ लागला, तर आधी सी-कॉक (बाहेरचं पाणी बोटीत घेणारा नळ), मग गाळणी, मग इम्पेलर बघा. गाळणीत शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकणं फार नेहमीचं आहे.

चालत्या बोटीवर रबरी एक्झॉस्ट नळीला, धुरात पाणी मिसळतं त्याच्या पुढे, हलकेच हात लावा (त्याआधीच्या, इंजिनाकडच्या धातूच्या भागाला मुळीच नको, तो भाजतो). नळी कोमट असावी. हात ठेववत नसेल किंवा एक्झॉस्टचा आवाज अचानक कोरडा, मोठा झाला, तर शिडं उभारा आणि इंजिन बंद करा. कोरडा फिरणारा इम्पेलर फार वेळ टिकत नाही.